इर्जिकीची पावती

रबरी शिक्का डोक्यात बसून माणूस बेशुद्ध पडू शकतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माणूस एका बालवाचनालयाचा खजिनदार होता आणि शिक्का माझा. मी फेकला नव्हता हो! पानटपरीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं तेच ते बिल तो पुन्हा घेऊन आला म्हणून मी शिक्का जरा जोरात टेबलावर टेकवला, टेबलानं तो वर उडवला, आणि पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणानं केलं. तोंडावर पाणी मारल्यावर खजिनदार शुद्धीवर आला आणि पहिलं वाक्य बोलला, "बाई, पक्कं बिल आणतो."

तेव्हापासून सगळं शहर मला शिक्केवाली बाई म्हणतं. सगळं म्हणजे छावणीपासून वाळूजपर्यंत. मधले काही लोक घाबरून काहीच म्हणत नाहीत.

छावणीच्या बाजारात एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. खाली दळण, वर हिशेब. खालचं पीठ फळ्यांच्या फटीतून वर यायचं. लेखापरीक्षक काळ्याभोर मिशांनी जिना चढायचे आणि पांढऱ्या मिशांनी उतरायचे. त्यांच्या घरच्यांना वाटायचं, काय कठीण हिशेब असतील बाई त्या संस्थेचे!

लोक विचारायचे, तुमची संस्था नक्की करते काय? शाळा चालवते? दवाखाना? मी सांगायची, आम्ही स्वतः काही करत नाही, करणाऱ्यांवर छत्री धरतो. ऐकणाऱ्याचा चेहरा कोरा व्हायचा, म्हणून इथं नीट सांगते. समजा गल्लीतल्या चार बायकांनी ठरवलं की पोरांसाठी अभ्यासिका काढू. हुरूप आहे, जागा आहे, पोरं तर आहेतच आहेत. एखादा भला माणूस पैसे द्यायलाही तयार आहे. पण तो म्हणतो, चेक कोणाच्या नावानं लिहू? तुमची नोंदणी कुठंय? पॅनकार्ड कुठंय? मला करसवलतीची पावती कोण देणार? बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघतात. नोंदणी करायला गेल्या तर कागद होईपर्यंत अभ्यासिकेतल्या पोरांना पोरं होतात. अशा वेळी त्या आमचा जिना चढायच्या. चेक आमच्या संस्थेच्या नावानं यायचा, त्या कामाचं खातं आम्ही वेगळं ठेवायचो, खर्च गटानं ठरवायचा, बिलं आम्ही चुकवायचो, लेखापरीक्षण करून घ्यायचो, देणगीदाराला अहवाल द्यायचो, आणि या सगळ्याच्या खर्चापोटी थोडीशी टक्केवारी ठेवून घ्यायचो. काम त्यांचं, नाव त्यांचं, कौतुक त्यांचं. चूक झाली तर नोटीस मात्र आम्हाला. म्हणून शिक्का माझ्या हातात आणि शिक्क्याची दहशत खजिनदारांच्या डोक्यात.

आमचे अध्यक्ष एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी हयातभर लोकांच्या नाड्या बघितल्या आणि निम्म्यांकडून फी घेतली नाही. उरलेल्या निम्म्यांकडून घ्यायला विसरले. पैशाच्या बाबतीत हा माणूस इतका भोळा की परमेश्वरानं जमाखर्च जुळावा म्हणून मला जन्माला घातलं असावं.

आता कौसाबाईची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय माझी नोकरी सांगून होतच नाही.

दुष्काळाची ओळीनं आलेली वर्षं होती ती. खेडी रिकामी होत होती आणि शहर फुगत होतं. सकाळी ज्वारीचं म्हणून बघितलेलं शेत संध्याकाळी 'फेज टू' झालेलं असायचं. मी एकदा ओळखीच्यांच्या दारात चपला काढून आत गेले, चहा घेऊन बाहेर आले तर चपलांवर प्लॉट पडला होता. माणसं वाढली, पाणी तेवढंच. उन्हाळ्यात टँकर दिसला की कावळेसुद्धा रांगेत उभे राहायचे आणि मधे घुसणाऱ्याला टोचायचे.

कौसाबाई मूळची सिल्लोडकडची. नवऱ्याला वाळूजला कंपनीत काम लागलं म्हणून शहराच्या कडेच्या एका नव्या वस्तीत येऊन राहिली. तिनं शिफ्टवाल्या कामगारांना डबे द्यायला सुरुवात केली. बाईच्या हाताला अशी चव की तिचा डबा खाऊन रात्रपाळीवाले दिवसपाळी मागायचे आणि दिवसपाळीवाले दोन्ही. पण स्वयंपाकाला, भांड्यांना पाणी लागतं. खासगी टँकरचं पाणी विकत घेऊन डबा परवडेना. त्या वर्षी ती मला स्पष्ट म्हणाली होती, "बाई, ह्या उन्हाळ्यात पाणी नाय मिळालं तर चूल बंद. मग गावाकडं जाऊन तरी काय करू? तिथं तर पिण्याचीबी बोंब."

वस्तीच्या मागं एक जुनी बारव होती, म्हणजे पायऱ्यांची विहीर. कचऱ्यानं पार बुजलेली. शेजारची अकिलाबी, कौसाबाईची जिवाची मैत्रीण, तिच्या सासऱ्यांनी लहानपणी त्या बारवेत पोहल्याचं सांगितलं होतं. दोघींनी ठरवलं, बारव उपसायची, पंप बसवायचा, टाकी बांधायची, वापरायचं पाणी तरी वस्तीला मिळेल. दोघी आमचा जिना चढल्या. आम्ही छत्री उघडली. महापालिकेची परवानगी काढली, अंदाजपत्रक केलं, आणि वाळूजच्या एका कंपनीकडून पैसे मंजूर करून आणले. दोन हप्ते. पहिला बारव उपसायला: मजुरी आणि ट्रॅक्टर. दुसरा पंप आणि टाकीला. अट एकच. मार्चअखेरपर्यंत पहिल्या हप्त्याचा खर्च बिलांसकट दाखवायचा, तरच दुसरा. खर्च झाला नाही तर पहिलाही परत.

मी कौसाबाईला म्हटलं, "काम सुरू करायच्या आधी मला कळवा. मजुरांची हजेरी कशी लिहायची ते मी शिकवते."

"व्हय बाई," ती म्हणाली.

संक्रांत होऊन थोडे दिवस झाले आणि दोघी पेढे घेऊन आल्या.

"झालं, बाई."

"काय झालं?"

"बारव उपसली की! झरा लागलाय. थोडासा गाळ ऱ्हायलाय कोपऱ्यात, बाकी आरशासारखी."

मी उठून उभीच राहिले. त्या बारवेत काय काय होतं म्हणून सांगू! बांधकामाचा मलबा, गणपतींच्या सांगाड्यांचे बांबू, जुने टायर आणि एक अख्खी रिक्षा. चालक तेवढा निघाला नाही. निघाला असता तर त्यानं तेव्हापासूनचं मीटर मागितलं असतं. हे सगळं इतक्या झटक्यात? मी आनंदानं पेढा तोंडात टाकला आणि हात पुढं केला. "आणा हजेरी. मजुरीच्या पावत्या?"

"मजुरी कशाची?" कौसाबाई म्हणाली. "इर्जिक घातली ना आपण."

माझ्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. आमच्या घरी बैल यायचा तो फक्त पोळ्याला, मातीचा. इर्जिक हा शब्द मी कुठंतरी ऐकला होता, पण खर्चाच्या कुठल्या शीर्षाखाली टाकायचा ते माहीत नव्हतं. कौसाबाईनं समजावून सांगितलं. गावात एखाद्याचं काम अडलं की तो इर्जिक घालतो. सगळे आपापले बैल, आपापली अवजारं घेऊन त्याच्या रानात उतरतात, काम उरकून टाकतात, आणि तो सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. मजुरी घ्यायची नाही. मागणं सोडाच, कोणी देऊ केली तरी तो अपमान. वस्तीतली निम्मी घरं सिल्लोड, कन्नड, भोकरदनकडून आलेली. त्यांनी बैलांच्या जागी ट्रॅक्टर धरला आणि शहरात इर्जिक घातली.

"ट्रॅक्टरचं भाडं तरी?" मी घायकुतीला आले.

"मेरे भाई का है बाई," अकिलाबी म्हणाली. "उने डिझेल का भी पैसा नक्को बोला. उप्परसे दो बोरी चावल लाया."

म्हणजे खर्च झाला होता तो फक्त जेवणाचा, तोही घराघरातून आलेल्या पिठा-डाळीतून. आणि जेवण हे शीर्ष तर अंदाजपत्रकात नव्हतंच. कसं असेल? मी तीस वर्षं प्रत्येक गटाच्या प्रत्येक बिलातलं जेवण, चहा, भजी लाल पेनानं खोडत आले होते!

पैसे उडवलेले गट मी पाहिले होते. पैसे घेऊन पळालेला एक पाहिला होता, तो फार लांब पळाला नाही, माझा शिक्का लांब पल्ल्याचा होता. पण पैसे उरवून ठेवणारा गट? अशा संकटावर माझ्याकडं काहीच इलाज नव्हता. पहिला हप्ता खर्च नाही, म्हणून तो परत. तो परत, म्हणून दुसरा नाही. दुसरा नाही, म्हणून पंप नाही. खाली झरा आणि वर कौसाबाईची विझलेली चूल.

मी वस्तीत गेले. बारवेच्या काठावर टेबल मांडलं, पाकिटं मांडली, हजेरीचा तक्ता ठेवला आणि लाऊडस्पीकरवरून सांगितलं, ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांनी मजुरी घेऊन जावी. माणसं जमली. टेबलाभोवती उभी राहून पाकिटांकडं अशी बघत होती, जणू त्यात विंचू आहेत. पांडुबाबा म्हणून एक म्हातारा होता, बारवेच्या तळात सगळ्यात आधी उतरलेला. मी त्याला म्हटलं, "बाबा, तुमचा हक्काचा पैसा आहे."

"शिक्केवाल्या बाई," तो म्हणाला, "माझ्या बापानं कधी इर्जिकीचा पैसा घेतला नाय. वर गेल्यावर त्यो इचारंल, शहरात जाऊन काय शिकलास? त्याला काय सांगू?"

"निदान सही तरी करा, पैसे नंतर संस्थेला देणगी द्या."

"घेतलेच नाय ते द्यायचे कसे?"

या प्रश्नाला उत्तर असेल तर वाचकांनी मला जरूर कळवावं.

बातमी पसरली, तसे एक गृहस्थ ऑफिसात अवतरले. यांना सगळे बिलवाले मामा म्हणत. यांच्या पिशवीत जगातल्या यच्चयावत दुकानांची कोरी बिलं असत. "ताई, मजुरी, ट्रॅक्टर, ठेकेदार, काय पाहिजे बोला. तारीख मागची, सही खरी वाटणारी. बसल्याजागी काम!"

मी काही हरिश्चंद्राची वंशज नाही. क्षणभर मी त्या पिशवीकडं बघितलं, खोटं कशाला बोलू. पण छत्रीचा एक कायदा आहे. तिच्या कापडाला एका कोपऱ्यात भोक पडलं तर पाणी फक्त त्या कोपऱ्यात गळत नाही. आमच्या नावाखाली तेव्हा मुलींची कबड्डी होती, फिरतं वाचनालय होतं, वृद्धांची भजनं होती, कुत्र्यांचं लसीकरण होतं. कौसाबाईच्या कामात एक खोटं बिल सापडलं असतं तर संस्थेवर गंडांतर येऊन त्या कबड्डीच्या पोरी आणि ती कुत्री, सगळी रस्त्यावर आली असती. कुत्री तशी आधीच होती. मी शिक्का उचलला. मामांना त्या खजिनदाराची कथा ठाऊक असावी. ते जिन्यावरून इतक्या वेगानं उतरले की खाली गिरणीतल्या पिठात त्यांचा ठसा बरेच दिवस होता.

मग मी सरळ वाट धरली. कंपनीचे अधिकारी चिटणीस यांना गाठलं. तरुण, कडक इस्त्रीचा शर्ट, मनानं चांगला. मी म्हटलं, "साहेब, मजुरी वाचली ती पंप-टाकीच्या शीर्षाकडं वळवायला लेखी परवानगी द्या. लोकांचं श्रमदान लोकवाटा म्हणून दाखवते."

चिटणिसांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, श्रमदान हा शब्द दिसला की आमच्या पुण्याच्या मोठ्या मॅडम पेन खाली ठेवतात. पूर्वी त्या नावाखाली फसवलंय त्यांना. म्हणतात, शहरात फुकट कोण राबतं? मलाही, खरं सांगू का, जरा..."

"रविवारी या," मी म्हटलं. "नुसतं बघायला. कोपऱ्यातला गाळ काढायचा राहिलाय."

त्यांना काय माहीत नव्हतं ते मी मुद्दाम सांगितलं नाही. इर्जिकीचा एक नियम मला कौसाबाईकडून कळला होता.

रविवारी चिटणीस आले तेव्हा दुपारची पंगत बसली होती. कौसाबाईनं येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाची, आमटी केली होती. तिचा वास वस्तीतून निघून पार वाळूजच्या रस्त्याला लागला होता आणि शिफ्टची बस वाट चुकून आमच्याकडं वळते की काय अशी वेळ आली होती. "मी जेवून आलोय," चिटणीस म्हणाले. कोणी ऐकलंच नाही. पान वाढलं गेलं. जेवून आलेल्या त्या माणसानं आमटी अशी ओरपली की पत्रावळीचं पान तेवढं वाचलं. हात धुऊन ते रुमाल शोधू लागले, तेवढ्यात पांडुबाबानं त्यांच्या हातात घमेलं दिलं.

"हे काय?"

"इर्जिकीला जेवला त्यो कामाचा, साहेब. चला."

"अहो, मी फक्त बघायला आलोय!"

"आमटी बघितलीच न्हवं तुमी?" कौसाबाई म्हणाली. "आता गाळबी बघा."

बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. अकिलाबी पायरीवरून ओरडली, "साब, शर्ट निकालो, इस्त्री जातीय!" चिटणिसांनी माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. मग काय झालं कोण जाणे, त्या पोरानं बूट काढले, पँट दुमडली आणि पायऱ्या उतरला. पहिलं घमेलं त्यानं स्वतःच्याच पायावर ओतलं. नंतर रांगेत उभा राहिला, तळातून आलेलं घमेलं वर द्यायला लागला, आणि दिवस कलेपर्यंत हलला नाही. जाताना तो मूळचा कोणत्या रंगाचा होता हे त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं. मी हजेरीचा तक्ता पुढं केला. वस्तीतल्या सगळ्यांनी पैशाशिवायच्या हजेरीवर सह्या-अंगठे दिले होते, त्याखाली त्यानं सही केली. बोटं चिखलानं इतकी माखलेली होती की सहीशेजारी अंगठाही आपोआप उमटला.

पुण्याच्या मोठ्या मॅडम वाळूजला आल्या तेव्हा मार्च संपत आला होता. डॉक्टर आणि मी समोर बसलो. कौसाबाई माझ्या शेजारी, पदर हातात घट्ट धरून. मॅडमनी माझा प्रस्ताव वाचला, फोटो बघितले, चष्मा काढला.

"फोटो कोणीही काढतं. एवढी माणसं एक पैसा न घेता राबली, याची खात्री कोणी केली?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चिटणीस उभे राहिले. दोन्ही तळहात मॅडमच्या पुढं धरले. फोड फुटून सुकले होते, पण अजून लालभडक दिसत होते.

"मी होतो, मॅडम. हजेरीत माझी सही आहे. मलाही पैसे मिळाले नाहीत."

मॅडमनी हजेरीचा तक्ता पुढं ओढून त्यावर चिटणिसांची सही शोधली. मग मॅडमनी विचारलं, "जेवायला काय होतं?"

"येसराची आमटी," चिटणीस म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की मॅडमनी पेन उचललं.

परवानगी मिळाली, दुसरा हप्ताही सुटला. वाचलेली मजुरी टाकीकडं वळली, टाकी ठरली होती त्यापेक्षा मोठी झाली. एप्रिलच्या भर उन्हात पंप सुरू झाला. कौसाबाईनं पहिल्या पाण्यानं आधी पातेली घासली. इतकी घासली की त्यांच्याकडं बघून लोक भांग पाडायला लागले.

डॉक्टर आता नाहीत. शहराचं नावही आता छत्रपती संभाजीनगर झालं. निवृत्त असूनही मला पहिली काळजी हीच वाटली की आता सगळे शिक्के नवे करावे लागणार. हळहळ एकाच गोष्टीची आहे. कागद नीट नाहीत म्हणून कितीतरी चांगल्या गटांना मी जिन्यावरूनच परत पाठवलं. त्यांच्यातही एखादी इर्जिक असेल, मी विचारलंच नाही.

पण शेवट राहिला की! बारवेचं खातं बंद करायला कौसाबाई आली तेव्हा तिनं विचारलं, "बाई, टक्केवारी संस्थेची. तुमचं काय?" मी म्हटलं, "मला पगार आहे." तिनं ऑफिसभर नजर फिरवली. पिठानं पांढरे झालेले फोटो, गळणारा पत्रा, मोडका जिना. जाताना जिन्याच्या फळ्या पायानं चाचपत गेली.

त्यानंतरच्या रविवारी डॉक्टरांनी मला घाईनं बोलावून घेतलं. ऑफिसावर इर्जिक चालून आली होती! पांडुबाबा पत्र्यावर, अकिलाबीचा भाऊ जिन्याला नव्या फळ्या ठोकतोय, बायका भिंती रंगवतायत, आणि जुना शर्ट घालून चिटणीस फटींमध्ये लांबीचा लगदा भरतायत. मी पायरीवरच बसले. डोळ्यांत पीठ गेलं, दुसरं काही नाही.

दुपारी सगळे हात धुऊन ओळीनं बसले आणि माझ्याकडं बघायला लागले. माझ्या डोक्यात उजेड पडला. इर्जिक माझ्या दारात, म्हणजे जेवण माझं! आणि माझ्या स्वयंपाकाची ख्याती अशी की आमच्या घरी चोर शिरला होता तो फोडणी बघून परत गेला.

तेवढ्यात जिन्यावरून येसराचा वास आला. सकाळी भिंतीला रंगाचा हात मारून गेलेली कौसाबाई डबे घेऊन वर येत होती. पंगत वाढून झाली, सगळे जेवले, आणि मग तिनं कनवटीचा एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. छापील बिल. डब्यांची संख्या, दर, एकूण, आणि खाली तिच्या खानावळीचा कोरा करकरीत, जांभळ्या शाईचा शिक्का.

"कौसाबाई, हे काय? इर्जिकीला पैसे घेता?"

"हातांचे नाय घेत, बाई. रंगवायला आली ती वस्तीची कौसा, तिचं काय नाय. पर जेवण घरधन्याचं आसतं, अन्‌ डबे माझ्या धंद्याचे." मग मान जरा तिरकी करून म्हणाली, "पक्कं बिल हाय. तपासून घ्या."

मी तपासलं. बेरीज बरोबर होती, शिक्का सरळ होता. लाल पेन ड्रॉवरमध्येच राहू दिलं, स्वतःच्या पर्समधून पैसे काढून मोजून तिच्या हातावर ठेवले, आणि तिच्या शिक्क्याशेजारी माझा शिक्का मारला. अगदी हळू मारला. समोर पांडुबाबा ताकाचा पेला तोंडाला लावून बसला होता.